सीनेचा कचरा आणि कलेचे प्रदर्शन

मलिक अहमदने सीना नदीकाठी ज्या शहराचा पाया घातला, त्या अहमदनगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले. नदीचे नाव मात्र तेच राहिले. नाव राहिले, तरी तिचे नदीपण कितपत उरले आहे, हा प्रश्न पुलावर क्षणभर थांबणाऱ्या कोणालाही पडावा. पावसाळा सरला की पात्रात मुख्यतः सांडपाणी वाहते आणि काठच्या झुडपांवर पिशव्या लोंबत राहतात.

असा कचरा वेचून त्यातून कलाकृती घडवाव्यात, ही कल्पना नवी नाही. टाकाऊ वस्तूंतून नेकचंद यांनी चंडीगड येथे उभारलेली बाग १९७६ साली लोकांस खुली झाली. नगरच्या शाळा-महाविद्यालयांनीही सीनाकाठी असा उपक्रम अवश्य करावा. तथापि, कचऱ्याचे सौंदर्य दाखवावयाचे की त्याचा हिशेब मांडावयाचा, हे आधी ठरविले पाहिजे.

पात्रात काय उरते, याकडे बारकाईने पाहावे. भंगारात ज्यास भाव आहे ते पत्रा, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या हे सारे कचरावेचक स्त्रिया उचलून नेतात. मागे राहतात ती वेफर, गुटखा, शांपू यांची चकचकीत वेष्टने आणि पातळ पिशव्या. प्लॅस्टिक व धातूचे थर एकमेकांस चिकटविलेले असल्याने ही वेष्टने सहजासहजी पुन्हा वापरात येत नाहीत. म्हणून त्यांस गिऱ्हाईक नाही. म्हणजे बाजाराने नाकारलेली वस्तू नदीच्या पदरी पडते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव असते, किंमतही छापलेली असते. परंतु वस्तू संपल्यावर त्या वेष्टनाची विल्हेवाट लावण्याचा खर्च त्या किमतीत पुरता धरलेला नसतो. तो नदीकाठचा रहिवासी सोसतो. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० च्या ग्रंथात मांडलेला खाजगी व सामाजिक खर्चातील फरक तो हाच. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आणि २०१८ साली महाराष्ट्राने पातळ पिशव्यांवर बंदी घातली. तरीही झुडपे रिकामी झालेली नाहीत.

म्हणून प्रदर्शनाची तयारी चित्रकलेच्या तासाला नव्हे, तराजूपाशी सुरू व्हावी. काठाचा शंभर पावलांचा पट्टा आखून घ्यावा. विद्यार्थ्यांनी हातमोजे घालूनच वेचणी करावी. सुया व दवाखान्यातील कचऱ्यास हात लावू नये. वेचलेला माल प्रकारवार लावावा, मोजावा, वजन करावे, आणि नदीत न धुता पिंपात धुवावा. प्रत्येक कलाकृतीखाली तिच्यात काय, किती आणि कोठून आले याची पाटी असावी. कचऱ्याची खरी पारख ज्यांना आहे, त्या कचरावेचक स्त्रियांना मार्गदर्शक म्हणून बोलवावे आणि त्या दिवसाची मजुरी द्यावी. पुण्यात १९९३ साली अशा कष्टकऱ्यांची संघटना उभी राहिली, तेव्हापासून त्यांच्या श्रमाला सार्वजनिक सेवा मानावे, ही मागणी पुढे आली आहे.

एका प्रश्नाचे उत्तर मात्र उद्घाटनापूर्वीच तयार हवे. प्रदर्शन आटोपल्यावर हे मासे, हे मोर जाणार कोठे? सीना पुढे भीमेस आणि भीमा कृष्णेस मिळते. प्रदर्शनातील मोर पुन्हा तिच्याच पात्रात पडला, तर विद्यार्थी कला शिकले असतील, हिशेब मात्र शिकले नसतील.