नाव तेच, वाजवणारे नवे

लग्नसराई जवळ आली की चाळीसगावच्या बँडमालकांची माणसं जमवायची धावपळ सुरू होते. गाडीवर रंगवलेलं नाव वडिलांच्या काळचं असतं, पण गेल्या साली ट्रम्पेट वाजवणारा या साली असेलच असं नाही. जास्त उचल मिळाली की तो दुसऱ्या बँडमध्ये दिसतो. वरातीत नाचणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नसतं. पीस ओळखीचा वाजला म्हणजे झालं.

असाच संसार कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचच्या एका बँडने केला. नाव 'रील बिग फिश', संगीत स्का-पंक. यातला स्का जमैकाचा, १९५० च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेला. त्याची खूण गिटारमध्ये आहे. 'एक आणि दोन आणि' असं मोजत गेलात तर गिटार आकड्यावर गप्प बसते आणि 'आणि'वर वाजते. त्यामुळे पाय आपसूक उचलला जातो. वरून ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन. हे वाजवणारे अनेक जण किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकले. गरीब, वाया चाललेल्या पोरांसाठीची ही शाळा नन्स चालवत होत्या. तिथल्याच काहींनी १९६४ मध्ये 'स्काटलाइट्स' हा बँड उभा केला. १९७९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या पोरांनी ही चाल उचलली, आणि पुढे कॅलिफोर्नियात तिला पंकचा वेग आणि आरडाओरडा मिळाला.

'रील बिग फिश' सुरू झाला १९९० च्या दशकाच्या आरंभी, दुसऱ्यांची गाणी वाजवत. पहिला गायक सोडून गेला आणि गिटारवाला एरन बॅरेट गाऊ लागला. १९९६ चा 'टर्न द रेडिओ ऑफ' हा अल्बम गाजला तो 'सेल आउट' या गाण्यामुळे. रेकॉर्ड कंपनीला विकल्या जाणाऱ्या बँडची थट्टा, आणि तीही कंपनीनेच बाजारात आणलेली! असा धंदा आपल्याकडच्या तमाशातल्या सोंगाड्यालाही आवडला असता.

मग गळती लागली. दशक संपता संपता ड्रमर आणि एक ट्रॉम्बोनवाला गेले, पुढे एक ट्रम्पेटवालाही. २००६ मध्ये कंपनीशीही काडीमोड झाला. २००७ मध्ये बासवाला मॅट वाँग, २०११ मध्ये घर सांभाळायचं म्हणून ट्रम्पेट वाजवणारा आणि गाणारा स्कॉट क्लॉपफेन्स्टाइन, २०१३ मध्ये ट्रॉम्बोनवाला डॅन रेगन. २०१८ मध्ये नवा अल्बम आला तेव्हा १९९६ च्या अल्बमवरचा एकटा बॅरेट उरला होता.

भांडणं सगळीकडे होतात, पण इथे साधा हिशेबही आहे. तिघांचा रॉक बँड एका गाडीत मावतो. फुंकवाद्यं आली की माणसं सहा-सात होतात, आणि बिदागी तेवढ्याच वाट्यांत विभागली जाते. पोरं लहान असलेल्या माणसाला वर्षातले कित्येक महिने फिरतीवर काढणं परवडत नाही. शिवाय ट्रम्पेटचे पीस छोटे आणि ठरलेले. नवा माणूस तयारीचा असेल तर लवकर उचलतो, आणि त्यामुळे जुन्याला थांबवून ठेवायची फारशी गरजही भासत नाही.

तरी बॅरेट आणि आपला बँडमालक यांच्यात एक फरक आहे. बॅरेटच्या बँडचं नाव त्याच्या गळ्यात अडकलं आहे. तो थांबला की 'रील बिग फिश' संपला. 'स्काटलाइट्स'चं तसं नाही. त्यांची ओळख वाद्यांची. पहिला संच वर्ष-दीड वर्षातच फुटला, १९८३ मध्ये जुनी मंडळी पुन्हा जमली. पुढे एकेक करून त्यातले बहुतेक गेले, तरी त्या नावाने कार्यक्रम होत राहिले. खानदेशातला बँड या दुसऱ्या जातीचा. आता गाडीवर माईक घेऊन गायकही उभा असतो, अहिराणी गाण्यांना त्याच्याशिवाय रंग चढत नाही. पण वधूपिता सुपारी द्यायला येतो तेव्हा यंदा गाणारा कोण, हे तो क्वचितच विचारतो. तो गाडीवरचं नाव घेतो आणि तारीख मोकळी आहे का ते बघतो.