संज्ञा, जात आणि मनाचे प्रयोग

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले की पंडित नेहरूंनी तेथील बंदिवासात लिहिलेल्या ग्रंथाचे स्मरण होते. त्याच तटबंदीच्या आत आणखी एक काम चालू होते, याची जाण मात्र फार थोड्यांना आहे. ऑगस्ट १९४२ पासून तेथे स्थानबद्ध असलेले आचार्य नरेंद्र देव हे वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या हिंदी भाषांतरावर परिश्रम घेत होते. हाताशी आधार होता तो पूसें यांच्या फ्रेंच भाषांतराचा. कारण भाष्यासह मूळ संस्कृत ग्रंथ छापून येण्यास १९६७ साल उजाडावे लागले.

‘अभिधर्म’ हे मनाचे शास्त्र होय. मन ही एक अखंड वस्तू नसून क्षणाक्षणाला उत्पन्न व निरुद्ध होणाऱ्या चित्तांची ती परंपरा आहे, हा त्याचा पाया. थेरवादी अट्ठकथांनी तर डोळ्यांसमोर आलेल्या एका रूपाचे ग्रहण सतरा चित्तक्षणांच्या हिशेबाने मांडले. या हिशेबाला कोणी आजच्या मेंदूविज्ञानाचे पूर्वरूप म्हणू लागला, तर त्याला थांबवावे. चित्तक्षण घड्याळाने मोजलेला नाही. मात्र जाणण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने घडते, आणि त्या टप्प्यांत काहीतरी बाहेरून मिसळते, हे निरीक्षण मोलाचे आहे.

मज्झिम निकायातील मधुपिण्डिक सुत्तात हा क्रम स्पष्ट येतो. चक्षू, रूप व चक्षुविज्ञान यांच्या संगतीने स्पर्श, स्पर्शामुळे वेदना, जे वेदिले जाते त्याची संज्ञा होते, संज्ञेतून वितर्क व वितर्कातून प्रपंच. येथे ‘सञ्ञा’ म्हणजे खूण पटवणे. बुद्धघोषाचार्यांनी विसुद्धिमग्गात सुताराचा दृष्टान्त दिला आहे. सुतार लाकडावर खूण करून ठेवतो आणि पुढे त्या खुणेवरूनच ते ओळखतो. खूण लाकडाची नसते, सुताराने केलेली असते. एवढे ध्यानात ठेवून पुढील दोन प्रयोगांकडे पाहावे.

पहिला प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचा, २००७ साली प्रसिद्ध झालेला. पडद्यावर वेगाने सरकणाऱ्या अक्षरांत दोन अंक दाखवतात. दोहोंमधील अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी असले, तर दुसरा अंक पुष्कळदा दिसूनही कळत नाही, कारण लक्ष पहिल्यातच गुंतलेले असते. तीन महिने सघन विपस्सना केलेल्या साधकांना दुसरा अंक अधिक वेळा ओळखता आला, आणि पहिल्या अंकावर खर्च होणारी मेंदूची विद्युत्-प्रतिक्रियाही उणावली. अवधान हे शिकण्याजोगे कौशल्य आहे, एवढे यातून निघते. ‘विज्ञानाने धम्म सिद्ध केला’ हा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. आपल्याकडील व्याख्यानांत तो फार सैलपणे काढला जातो.

दुसरा प्रयोग आपल्या अधिक जिव्हाळ्याचा. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील भूलभुलैया सोडवण्यास दिले. सुटलेल्या प्रत्येकामागे पैसे मिळत. ३२१ मुले उच्च मानलेल्या जातींची, ३२१ अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीची. जात उच्चारली गेली नाही, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही. मुलांची नावे व जाती सर्वांसमक्ष वाचून दाखवल्या, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच होती, कोडीही त्याच प्रकारची; मध्ये पडला तो केवळ एक उच्चार.

सुताराची खूण ती हीच. येथे एका प्रश्नाला चुकवून चालणार नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त जात ही मनाची अवस्था आहे असे प्रतिपादिले. हे विधान हाती धरून, ‘मग दलितांनी मन बलवान करावे, ध्यान करावे, म्हणजे झाले’ असा उपदेश करणारे आढळतात. त्यांनी बाबासाहेबांचे पुढचे प्रतिपादन वाचलेले नसते. मनाच्या त्या अवस्थेला शास्त्रांच्या पावित्र्याचे पाठबळ आहे, म्हणून घाव त्या प्रामाण्यावरच घालावा, असे ते सांगतात. वरील प्रयोगातही त्या मुलांचे मन उच्चारापूर्वी दुर्बळ नव्हतेच. उच्चार बाहेरून आला, आणि तो थोपवणे मुलांच्या नव्हे, वाचणाऱ्याच्या हाती होते. विपस्सनेचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु स्मृतीचा अभ्यास आधी कोणी करावा, हा प्रश्न वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला विचारावा लागेल.

शिष्यवृत्तीच्या याद्या भर वर्गात जातीच्या उल्लेखासह वाचल्या गेल्याचे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या वेळी मागच्या बाकांवर पिकलेला हशाही. यादी कार्यालयात लावून किंवा प्रत्येकाच्या हाती चिठ्ठी देऊन तेच काम होते. आपल्या गावच्या शाळेत ती अजून कशी वाचली जाते, हे शालेय व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत विचारता येईल.