बुडत्या नगरीतील गुप्तहेर

गुप्तहेरकथा वाचकाला आरंभीच एक अलिखित वचन देऊन बसते. कोडे कितीही गहन असो, शेवटच्या पानावर ते सुटेल. खुनी कितीही धूर्त असो, बुद्धीपुढे त्याला हार खावी लागेल. 1887 साली शेरलॉक होम्स इंग्रजी वाचकांपुढे अवतरला तो हे वचन घेऊनच. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारने मराठी वाचकांच्या पिढ्या जागवल्या त्याही याच भरवशावर. जग हे मुळात कळण्यासारखे आहे आणि कळले म्हणजे मनुष्य निर्भय होतो, ही त्यामागील श्रद्धा होय.

या श्रद्धेच्या नेमके उलट टोक गाठणारी एक कथापरंपरा अमेरिकेत जन्मास आली. प्रॉव्हिडन्स येथील एच. पी. लव्हक्राफ्ट (1890–1937) हा तिचा जनक. त्याची ‘द कॉल ऑफ कथुलू’ ही कथा 1928 साली ‘विअर्ड टेल्स’ मासिकात प्रसिद्ध झाली. आपल्याकडील भुताची काही तरी इच्छा अपुरी राहिलेली असते. म्हणूनच त्याच्यावर उताराही असतो. लव्हक्राफ्टच्या महाशक्तींना मात्र माणसाविषयी राग नाही की लोभ नाही. माणूस त्यांच्या खिजगणतीतच नाही. आपण या विश्वात किती नगण्य आहोत हे ज्याला उमगते, त्याचे मन ते ओझे पेलू शकत नाही. या भयाला ‘वैश्विक भय’ म्हणता येईल.

आता या दोन परस्परविरोधी वृत्तींची गाठ घातली तर काय होईल? युक्रेनची राजधानी कीव्ह येथील फ्रॉगवेअर्स या संस्थेने जून 2019 मध्ये ‘द सिंकिंग सिटी’ नावाचा व्हिडिओ गेम प्रसिद्ध करून हाच प्रयोग केला. शेरलॉक होम्सवरील खेळ रचण्यात ही संस्था आधीच मुरलेली होती. तेव्हा होम्सच्या शागिर्दांनी लव्हक्राफ्टच्या घरात पाऊल ठेवले, असेच म्हणावे लागेल.

खेळाचा नायक चार्ल्स रीड हा अमेरिकी नौदलातील माजी पाणबुड्या. पहिल्या महायुद्धानंतर तो खासगी गुप्तहेर झाला आहे. त्याला भयंकर दृष्टान्त होतात आणि त्यांचे मूळ शोधत तो 1920 च्या दशकातील ओकमाँट या काल्पनिक नगरीत येतो. नगरीचे अर्धे रस्ते समुद्राच्या पाण्याखाली गेले आहेत. होडीतून एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात जावे लागते. कुठे पाणबुड्याचा पोशाख चढवून तळ गाठावा लागतो. पैशाची किंमत इतकी उतरली आहे की व्यवहार चालतो तो बंदुकीच्या गोळ्यांवर!

या खेळाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या तपासाच्या पद्धतीत आहे. इतर अनेक खेळांत पडद्यावरील खुणेचे बोट धरून चालले की मुक्काम आपोआप येतो. येथे अमुक रस्ता, अमुक दोन रस्त्यांच्या मधोमध, एवढाच पत्ता मिळतो. नकाशा उघडून खूण स्वतःच करायची. एखाद्याचे नाव तेवढे हाती लागले, तर त्याचा ठावठिकाणा पोलिसांच्या दप्तरात मिळेल, रुग्णालयाच्या नोंदींत की वृत्तपत्राच्या जुन्या अंकांत, हे आपणच ठरवायचे. दप्तराची कपाटे आपोआप उघडत नाहीत. कोणता काळ, कोणता विभाग, कोणता विषय हे नेमके सांगावे लागते. घटनास्थळी गतप्रसंगांची छायारूपे दिसतात. त्यांचा क्रम लावायचे कामही खेळणाऱ्याचेच. शाळेत ‘धडा नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असे सांगण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना ही पद्धत निश्चितच भावेल.

परंतु येथवरचा मार्ग होम्सचा. पुढचा लव्हक्राफ्टचा आहे. रीडपाशी एक अंतर्दृष्टी आहे. ती वापरली की लपलेल्या गोष्टी दिसतात आणि त्याच क्षणी मनाचे स्वास्थ्य ढळू लागते. पडदा थरथरतो, नसलेली माणसे दिसतात, कानांत कुजबुज सुरू होते. थोडा निवांतपणा वा औषध यांनी तोल सावरतो. पण पुढचा सुगावा हवा असेल तर पुन्हा तीच जोखीम. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हे. सँडी पीटरसन यांनी 1981 साली लव्हक्राफ्टच्या कथांवर बैठा खेळ रचला, त्यात पात्राच्या मनःस्वास्थ्याचे गुण मोजण्याची प्रथा होती. जाणण्याची किंमत चुकवावी लागते, हे तत्त्व तेथे अंकांत उतरले.

गोळा झालेले पुरावे जोडून निष्कर्ष काढला, तरी प्रश्न संपत नाही. त्याच पुराव्यांतून दोन अर्थ निघतात आणि कोणता खरा मानायचा हे खेळ सांगत नाही. गुन्हा ज्याच्या हातून घडला त्याचे मन त्याच्या ताब्यात होते काय? नसेल, तर शिक्षा कोणाला? शेजारच्या इन्समथ गावातून आश्रयाला आलेल्या, मत्स्यमुखी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या लोकांविषयी ओकमाँटमध्ये तिरस्कार भरला आहे. गुप्तहेराचा निर्णय त्या तिरस्काराला खतपाणी घालू शकतो किंवा त्याला आवरही घालू शकतो. येथे मूळ लेखकाची एक काळी बाजूही नमूद केली पाहिजे. परवंशीयांविषयीचा द्वेष लव्हक्राफ्टच्या लेखनात ठायीठायी आढळतो. निर्मात्यांनी त्या काळातील वंशभेदावर पांघरूण न घालता, तो का दाखवला आहे हे खेळाच्या आरंभीच निवेदन केले, ही गोष्ट प्रामाणिकपणाची आहे.

खेळ निर्दोष नाही. राक्षसी प्राण्यांशी होणारी झुंज अवजड आणि कंटाळवाणी आहे. निरनिराळ्या घरांचे अंतर्भाग एकाच साच्यातून काढलेले दिसतात. शिवाय रक्तपात आणि मनोविकृती यांचे चित्रण उघडेवाघडे आहे. हा खेळ प्रौढांसाठी आहे, लहान मुलांच्या हाती तो देऊ नये, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

आपल्या घरातील तरुण असे खेळ खेळतात तेव्हा ‘वेळेचा अपव्यय’ म्हणून आपण मोकळे होतो. यापेक्षा ‘तू कोणाला दोषी ठरवलेस, आणि का?’ असे एकदा त्याला विचारून पाहावे. या खेळाचा शेवट तीन प्रकारे होतो. त्यांतील एकालाही निर्भेळ विजय म्हणता येत नाही. समुद्र हटत नाही आणि विश्वाला माणसाची दयाही येत नाही. तरीही समोरच्या एका दुबळ्या जिवाशी न्यायाने वागायचे की नाही, एवढे मात्र अखेरपर्यंत रीडच्याच हाती राहते. गुप्तहेरकथेने दिलेले वचन येथे मोडते खरे. पण बुद्धी जेथे थकते तेथेही विवेकाची जबाबदारी सुटत नाही, हे सत्य त्या मोडलेल्या वचनाहून अधिक मोलाचे आहे.