आधी जेवण, मग हिशेब

आळवी नगरीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासात विहारात ऐकली असेल. तथागत तिथे गेले, उपदेश ऐकायला लोक जमले. एका गरीब शेतकऱ्यालाही यायचे होते, पण सकाळीच त्याचा बैल हरवला. बैल शोधून बांधेपर्यंत दिवस वर आला आणि तो उपाशीपोटीच सभेत येऊन बसला. तथागतांनी उरलेले अन्न आहे का ते विचारले, त्याला आधी जेवू घातले, मग उपदेश केला. धम्मपदाच्या सुखवग्गात भुकेला सर्वांत मोठा रोग म्हटले आहे. ते या प्रसंगाला धरून, असे अट्ठकथा सांगते.

आरोग्याच्या पानावर यावेळी रेशन, घरकुल आणि कर्जाचे हप्ते आले आहेत ते याच कारणाने. अजून पुरावा हवा असेल तर झारखंडचा घ्या. तिथे क्षयरोग्यांच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांना हे मिळाले नाही त्यांच्यापेक्षा या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी राहिले. हा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे डाळ-भाताने क्षय रोखला. आपले जळगाव तर डाळ मिलचे शहर, आणि त्याच मिलमध्ये पोती उचलणाऱ्याच्या घरात डाळ आठवड्यातून एकदा शिजते.

घर अडचणीत आले की पहिल्यांदा कमी होते ते बाईच्या ताटातले. आधी दूध बंद, मग डाळ पातळ, मग रात्री तिची चटणी-भाकर. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसले. ती चक्कर येऊन पडते, रोज बुडतो, दवाखान्यासाठी कर्ज निघते, हप्ता सुरू होतो आणि हप्त्यासाठी पुन्हा ताटच कमी होते. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हे चक्र सुटत नाही.

आता वस्तीने काय करावे. पहिले काम रेशनचे. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य आहे, अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो, आणि 2023 पासून त्याला पैसे पडत नाहीत. तरी अनेक घरांत सून आणि नातवंडांची नावे कार्डावर चढलेलीच नसतात. पाच माणसांचे घर आणि धान्य तिघांचे. तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात नाव वाढवायला एकट्या मजूर बाईने जायचे म्हणजे दोन दिवसांचा रोज बुडणार. वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने पाच-सहा घरांचे कागद एकत्र नेले तर तेच काम एका खेपेत होते. ऊसतोडीला किंवा सुरतकडे कामाला गेलेल्यांनी लक्षात ठेवावे की कार्ड धुळ्याचे असले तरी धान्य तिथल्या दुकानातही उचलता येते. कापूस वेचून, सिमेंट कालवून बोटे घासलेली असतात, अंगठा उमटत नाही. तेवढ्यावरून धान्य नाकारता येत नाही. नाकारले तर 1967 या क्रमांकावर तक्रार करावी.

पण रेशन महिनाभर पुरत नाही. कष्टाच्या माणसाला दिवसाला चारशे ग्रॅमच्या आसपास धान्य लागते, पोरे थोडे कमी खातात. पाच जणांच्या घराला पंचेचाळीस-पन्नास किलो लागते, रेशनचे येते पंचवीस. उरलेल्या वीस-पंचवीस किलोंसाठी वस्तीची मूठ हवी. स्वयंपाकाला धान्य घेताना प्रत्येक घराने एक मूठ डब्यात टाकायची आणि पौर्णिमेला डबा विहारात आणायचा. मूठ पन्नास ग्रॅमची धरली तर चाळीस घरांचे महिन्याला 60 किलो होतात. दोन-तीन घरांची तूट त्यात भरते. दादर असो, तांदूळ असो, वेगवेगळे ठेवा. डाळ मात्र विकत घेऊन द्या, कारण डाळीची मूठ कोणी टाकत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

आणि मदत देताना फोटो नको. ग्रुपवर ताईच्या हातात पिशवी दिसली की पुढच्या महिन्यात ती ताई विहारातच येत नाही. महिला मंडळातल्या दोघींनी संध्याकाळी सहज गेल्यासारखे जावे आणि धान्य ठेवून यावे.

घरात गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई किंवा सहा वर्षांच्या आतले मूल असेल तर अंगणवाडीचा आहार हक्काचा आहे. क्षयाचा रुग्ण असेल तर उपचार चालू असेपर्यंत दरमहा हजार रुपये पोषणासाठी बँक खात्यात येतात. ही रक्कम नोव्हेंबर 2024 पर्यंत पाचशे होती. खाते आधारला जोडलेले नसल्याने ते पैसे अडकतात. आशाताईला विचारा.

घराविषयी थोडक्यात. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखाली तान्हे मूल झोपवणे म्हणजे त्याला तव्यावर ठेवणे. पत्र्यावर बाहेरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारले तरी आतली धग कमी होते. चुना स्वस्त आहे आणि चार पोरांनी एका रविवारी दहा घरे होतात. पक्क्या घरासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना रमाई आवास योजना आहे. गावात मूळ अनुदान 1 लाख 20 हजार, शहरात अडीच लाख, तेही बांधकाम पुढे सरकेल तसे हप्त्यांनी. इथेच अनेक घरे फसतात. पहिला हप्ता आला की जुने घर पूर्ण पाडतात, खोली भाड्याने घेतात, मोठा पाया काढतात. दुसरा हप्ता रखडतो आणि सळई-सिमेंट सावकाराच्या पैशातून येते. जुन्या घराची एक खोली उभी ठेवा, योजनेतल्या 269 चौरस फुटांवरच थांबा, पावसाळ्याच्या तोंडावर काम काढू नका. आणि खिडक्या समोरासमोर दोन ठेवा. हवा खेळली नाही तर नव्या घरातही खोकला तोच.

खरा गळफास कर्जाचा. आज वस्तीत सावकारापेक्षा फायनान्सवाले जास्त दिसतात. दहा बायांचा गट, एकमेकींची जामीनकी, आठवड्याचा हप्ता. एका कंपनीचा फेडायला दुसरीचे, दुसरीचा फेडायला तिसरीचे. तीन ठिकाणचे सातशे-सातशे म्हणजे आठवड्याला 2100, महिन्याला नऊ हजार. घरात येतात बारा. उरलेल्या तीन हजारांत पाच माणसे काय खातील? एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात. ज्या बाया बुद्धवंदनेला शेजारी बसत, त्या एकमेकींचे तोंड पाहत नाहीत.

रिझर्व्ह बँकेचे 2022 पासूनचे नियम फार थोड्यांना माहीत आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरावर सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असे कर्ज देता येत नाही. वर दिलेल्या घराला ती मर्यादा सहा हजार पडते. या कर्जाला तारण मागता येत नाही आणि मुदतीआधी फेडले तर दंड नाही. वसुलीला सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर येता येत नाही, शिवीगाळ-धमकी चालत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेचा 14448 हा क्रमांक आहे. मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज घेऊन फसवणूक झाली तर 1930. कर्ज मात्र फेडायचेच असते. नियम छळ थांबवतात, देणे पुसत नाहीत.

सावकाराचा हिशेब त्याहून वाईट. महिना दहा टक्क्यांनी घेतलेल्या दहा हजारांवर वर्षात बारा हजार व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी. महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी हा 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग खर्चाला, दोन कामधंद्याला, चौथा संकटासाठी. रोजंदारीच्या घराला चौथा भाग बाजूला टाका असे सांगणे ही थट्टा होईल. पण संकटासाठी वेगळे काढायचे, हे त्यातले घेता येते. बाजाराच्या दिवशी पन्नास रुपये बचत गटात गेले तर वर्षाचे सव्वीसशे होतात. पोराच्या तापासाठी सावकाराच्या दारात जाणे तेवढ्यात टळते. मोठ्या आजाराला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय रुग्णालयात आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा, नंतर पैशाची सोय पाहा.

अडचणीतल्या घराला हिशेब शिकवायला जाणाऱ्यांना एक विनंती. पहिल्या भेटीत वही काढू नका. धान्य पोचू द्या, पोरे जेवू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताई आणि भाऊ दोघे घरी असताना एका कागदावर सगळी देणी लिहा. कोणाचे, किती, व्याज काय, हप्ता कोणत्या वारी. नवरा-बायकोला एकमेकांची कर्जे त्या दिवशी पहिल्यांदा कळतात, तेव्हा आवाज चढतील. थोडा वेळ गप्प बसा. मग सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जाखाली रेघ मारा आणि आधी ते कसे फिटेल ते ठरवा. गटातून कमी व्याजाने घेऊन ते मिटवता येत असेल तर तसे करा आणि नवे कर्ज त्या घराने एक वर्ष घ्यायचे नाही, हे त्यांच्याच तोंडून ठरू द्या. दारूचा खर्चही त्याच कागदावर येतो. पंचशील रोज म्हणणाऱ्या घरातही येतो. तो आकडा भाऊने स्वतःच्या हाताने लिहिलेला बरा.

येत्या आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असते. त्यानंतरचा अर्धा तास आठवड्यातून एकदा या कागदांसाठी ठेवता येईल. 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाताना रेशनकार्ड, आधार आणि बँकेचे पासबुक यांच्या झेरॉक्सचा एक संच पिशवीत असू द्या. वाटेत चार गावांचे लोक भेटतात, कोणाचे काम कोणत्या कार्यालयात झाले ते तिथेच कळते.