काळ्या दगडाच्या मुलखात शहाबादी

शहापूर-मुरबाडात दगडाला तोटा नाही. माहुलीच्या सुळक्यांपासून गोरखगडापर्यंत सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, लाव्हारसाचा काळा पाषाण. तरीही इथल्या घरातली फरशी बहुधा परमुलखातून आलेली असते: कलबुर्गीजवळच्या शहाबादची, नाहीतर राजस्थानातल्या कोट्याची, ओट्यावर कडप्पा. अंगणात दगड असताना घरात दुसऱ्याचा का, हे कोडे मला कित्येक वर्षे सोडत नव्हते.

इथला दगड कच्चा, असे कोणी म्हणू नये. तानसाचे 1892 सालचे धरण दगडी बांधणीचे आहे आणि 1865 पासून कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारी आगगाडी दगडी खांबांवर उभ्या पुलांवरून गेली. मुरबाडातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट तर कातळ फोडूनच केलेला. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांची यादी आहे. दोन हजार वर्षांचा पाऊस खाऊनही त्यातले पुष्कळ अजून वाचता येते.

मग फरशीच का नाही? उत्तर मिळाले ते रॉबर्ट ब्रूस फूट यांच्याकडे. 1863 साली मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार सापडले ते याच भूशास्त्रज्ञाला, एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे आहे. पण 1876 साली त्यांनी दक्षिण मराठा मुलखाच्या भूस्तरावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात भीमेच्या खोऱ्यातल्या चुनखडीचाही अभ्यास मांडला. शहाबादी याच घराण्यातली. आपला लाव्हा उसळण्याच्या कित्येक कोटी वर्षे आधी उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर बसत ती तयार झाली. थरांच्या सांध्यात पहार घातली की लादी अलगद सुटते. काळ्या पाषाणाला असा सांधाच नाही. तो वितळलेल्या रसातून थिजला. फुटला तर उभ्या खांबांत किंवा ओबडधोबड धोंड्यांत फुटतो. करवतीच्या यंत्राशिवाय त्याची पातळ लादी निघत नाही. म्हणून पाथरवटाने त्याची जाती, पाटे, उखळे आणि जोत्याचे घडीव चिरे केले, आणि घरातली जमीन शेणाने सारवलेलीच राहिली. 1871 साली मुंबई ते रायचूर लोहमार्ग पुरा झाला. शहाबाद त्याच वाटेवर; जड मालाला गाडी मिळाली.

शहाबादीचा हा समुद्रतळाचा जन्म लक्षात घेतला की निवड सोपी होते. शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीच. लिंबू, चिंच, संडास धुण्याचे अ‍ॅसिड त्यांचे पॉलिश खाते. मोरीत आणि ओट्याजवळ अ‍ॅसिडची बाटली फिरकू देऊ नका. दुकानात लादी ओली करून पाहावी: बाकी पृष्ठभाग सुकतो, चीर मात्र ओली रेघ धरून राहते. बोटाच्या पेराने वाजवली तर सलग लादी खणखणते, चिरकी भद्द बोलते. सगळा माल एकाच खाणीचा घ्यावा, नाहीतर एका खोलीत तीन राखाडी छटा दिसतात.

बसवताना घाई नडते. खालची भर नीट चोपलेली नसली की पहिल्याच पावसाळ्यात फरशी खचते. मालाचा थर सगळीकडे भरीव हवा. चार कोपऱ्यांत गोळे टाकून लादी ठेवली तर मधे पोकळी राहते आणि कपाटाच्या पायाखाली ती तडकते. जोत्यात ओल अडवणारा थर नसेल तर क्षार वर येऊन लोणा धरतो, आणि दोष मात्र दगडाला लागतो. पडवीत पॉलिश नकोच. श्रावणात दमट हवेने फरशीला पाणी सुटते, तेव्हा म्हाताऱ्या माणसाचा पाय रफ लादीवरच टिकतो.

मुरबाडच्या वाटेवर नवी फार्महाऊस इटालियन संगमरवराने मढवलेली दिसतात आणि शेजारच्या खाणीतला काळा दगड क्रशरमध्ये खडी होतो. माझ्या मते हे उलटे आहे. जोते आणि पायऱ्या इथल्याच काळ्या दगडाच्या, टाकी लावून खरबरीत केलेल्या असाव्यात, आत शहाबादी. पाथरवट अजून आहेत, त्यांना काम द्या. आणि मोरीच्या सांध्यांत सिमेंट भरण्याआधी बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जाते की नाही ते स्वतः बघा.