रॉइस हॉलमधले ग्रह

शनीला आपण तेल वाहतो आणि साडेसातीचं नाव निघालं की दचकतो. गुस्टाव्ह होल्स्टला मात्र साती ग्रहांत शनीच लाडका. हा इंग्रज संगीतकार ऋग्वेदातल्या सूक्तांसाठी संस्कृत शिकला होता, मित्रांच्या पत्रिकाही मांडायचा. १९१४ ते १९१६ या काळात त्याने ‘द प्लॅनेट्स’ ही सात भागांची वाद्यवृंदरचना केली ती ज्योतिषातले ग्रह मनात धरून. पृथ्वी त्यात नाही.

या रचनेच्या ध्वनिमुद्रणांत जाणकार आजही शोधतात ती डेक्का कंपनीची १९७१ची तबकडी. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक आणि संचालक मुंबईचा झुबिन मेहता, तेव्हा पस्तिशीच्या उंबरठ्यावर. मुद्रण झालं तिथल्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये. गंमत म्हणजे त्याच विद्यापीठात झुबिनचे वडील मेहली मेहता वाद्यवृंद शिकवत होते. १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे तेच मेहली. मुलाने पहिल्या सिंफनी ऐकल्या त्या त्यांच्या घरात.

डेक्काचे तंत्रज्ञ संचालकाच्या डोक्यावर तीन मायक्रोफोन त्रिकोणात टांगत. त्यामुळे वाद्यं एकमेकांत मिसळतात, तरी प्रत्येकाची जागा सुटत नाही. ‘मंगळ’ सुरू होतो तो पाच मात्रांच्या ठेक्यावर. व्हायोलिनवाले गजाची काडी तारांवर आपटतात, तो कोरडा खडखडाट इथे अक्षरशः अंगावर येतो. मेहता घाई करत नाही. भीती साचू देतो.

जर्मनीच्या स्पीकर्स कॉर्नरने हीच तबकडी १८० ग्रॅम व्हिनाइलवर पुन्हा काढली. वजनाचं कौतुक मला फारसं नाही. खरी परीक्षा खाचेची. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाच सुईखालून सरकते. लेबलाजवळ तो वेग निम्म्याहूनही कमी होतो. म्हणजे बारकावे टिपायला जागा सर्वांत कमी, आणि नेमका तिथेच ‘नेपच्यून’ संपतो.

या शेवटासाठी होल्स्टची सूचना अशी, की स्त्रियांचा गानवृंद शेजारच्या खोलीत बसावा आणि शेवटी मधलं दार हळूहळू लोटून घ्यावं. त्या जागी धुळीचा एक कणही ताशासारखा वाजतो. छाप स्वच्छ असेल तर आवाज आत आत जात राहतो, तो नेमका कधी विरला ते कळत नाही. मग मोकळ्या खाचेत फिरणारी सुई तेवढी ऐकू येते.