केदाचे भातगाव आणि हरवलेला सरवा
मलेशियाच्या वायव्येला केदा राज्यात सपाट भातपट्टा आहे. इथली मलय खेडी, म्हणजे काम्पुंग, रस्त्याच्या किंवा कालव्याच्या कडेने लांबट वसलेली असतात. घरे खांबांवर उचललेली, अंगणात नारळ आणि केळी, जवळ सुराव नावाचे लहान प्रार्थनास्थळ आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर खाचरे.

पावसाच्या भरवशावर इथे वर्षाला एकच पीक निघत असे. 1970 च्या सुमारास मुदा आणि पेदू या धरणांचे पाणी कालव्यांतून फिरले, सुमारे 96 हजार हेक्टरांवर दुबार भात होऊ लागले आणि भूमिहीनांच्या हातालाही दुप्पट काम आले. लावणी आणि कापणी बायकांच्या टोळ्या करत, झोडणी पुरुषांकडे. लाकडी पिंपात शिडीसारखी चौकट उभी करून तिच्यावर पेंढ्या आपटायच्या आणि दाणे उडू नयेत म्हणून भोवती गोणपाट लावायचे, अशी ती झोडणी. एवढे करूनही पेंढ्याला थोडे भात राहतेच. गरीब घरच्या बायका तो पेंढा पुन्हा झोडून सरवा गोळा करत. त्यावर कुणाची हरकत नसे आणि अनेक घरांची चूल काही काळ त्यावर चाले.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला कापणी-मळणीचे अवाढव्य यंत्र शेतात उतरले. 1980 पर्यंत सुमारे 80 टक्के पीक तेच कापू लागले. कापणीची आणि झोडणीची मजुरी गेली. यंत्र पेंढा शेतभर विखरून टाकते, त्यामुळे सरवाही गेला.

अमेरिकन अभ्यासक जेम्स स्कॉट त्याच काळात, 1978 ते 1980 मध्ये, इथल्या सुमारे सत्तर घरांच्या एका गावात राहत होते. त्यांच्या 1985 च्या ‘वेपन्स ऑफ द वीक’ या पुस्तकात त्या गावाला सेदाका हे बदललेले नाव आहे. यंत्र लावणाऱ्यांच्या शेतात लावणीला जायचे नाही, असे तिथल्या बायकांनी ठरवून पाहिले. तोंडावर नकार कुणीच दिला नाही, नुसती चालढकल केली. मालकांनी बाहेरून मजूर आणण्याची भाषा केल्यावर तो बेत मोडला. त्यांचा हा प्रयत्न फसला असला तरी क्षुल्लक मुळीच नव्हता. उद्या पुन्हा त्याच मालकाच्या दारात काम मागायला जावे लागणाऱ्यांना उघड भांडण परवडत नाही.

खंडाची रीतही पालटली. पूर्वी तो पीक निघाल्यावर दिला जाई आणि पीक बुडाले तर मालक सूट देई. पुढे हंगामाआधीच रोख मागण्याची पद्धत वाढली, तेव्हा हातात पैसा नसलेल्या कुळांची जमीन सुटू लागली. धरणाने उत्पन्न वाढवले, यात वाद नाही. मात्र त्या वाढीतला गरिबांचा वाटा यंत्राने हिरावला, आणि मजुरांना पूर्वी मिळणारी धान्याची दाने व मेजवान्याही आटल्या.

आता लावणीऐवजी बहुतेक ठिकाणी बी थेट फेकून पेरतात. शेतात माणसे कमी लागतात आणि तरुण मुले-मुली पिनांगच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत कामाला जातात.